कुपवाड : व्याकरण एक झालं, माणसं वेगळीच राहिली

माधवनगरहून कुपवाडला जायला वडापने फार तर पंधरा मिनिटं लागतात. आमच्या लेखी कुपवाड म्हणजे एमआयडीसी. फाउंड्रीचा वास, शिफ्ट सुटल्यावरची सायकलींची गर्दी, आणि घरातल्या कुणाची तरी रात्रपाळी. माझी आज्जी लग्न होऊन कुपवाडात आली. वडिलांनी नंतर माधवनगरात घर बांधलं आणि आम्ही इकडचे झालो. त्यामुळे कुपवाडबद्दल आपल्याला माहीत नसलेलं असं काही असेल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाइडने वाचायला दिलेल्या यादीत एका निबंधात गावाचं नाव रोमन लिपीत ‘कुपवार’ असं छापलेलं होतं. मी आधी समजले काश्मीरमधलं कुपवाडा असेल. दुसऱ्या पानावर ‘सांगली जिल्हा’ आलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. जगभर भाषाविज्ञानाच्या वर्गात जे गाव गेली पन्नास वर्षं शिकवलं जातंय, ते आमच्या पिठाच्या गिरणीपलीकडचं गाव होतं.

थोडं माझ्या कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माझी एमएस्सी संख्याशास्त्रात झाली, पीएचडी मात्र भाषेवर आहे. दोन वेगळ्या भाषा बोलणारे समाज शेजारी शेजारी राहायला लागले, तर चार-पाच पिढ्यांनी काय होतं? एक भाषा मरते, का दोन्ही टिकतात, का तिसरंच काहीतरी तयार होतं? याचं गणिती प्रारूप बांधायचं, हा माझा उद्योग. प्रारूपात शेवटी थोड्याच गोष्टी असतात: कोण कुणाशी लग्न करतं, पोर कुणाच्या मांडीवर वाढतं, बाजारात कुठली भाषा चालते. पण आकडे घालायला इतिहासातली खरी उदाहरणं लागतात. त्यातली दोन मी कायम समोर ठेवते. एक कॅनडातलं आहे, एक कुपवाडचं.

कॅनडातलं आधी सांगते, कारण ते ‘दोन समाज एक होणं’ या शब्दांचा सरळ अर्थ दाखवतं. कॅनडाच्या मैदानी प्रदेशात क्री आणि असिनिबॉइन असे दोन मूलनिवासी समाज. असिनिबॉइन हे सू समाजातून फुटून निघालेले. ते स्वतःला नाकोडा म्हणवतात. त्यांची भाषा सू कुळातली आणि क्री भाषा अल्गाँक्विन कुळातली. म्हणजे दोघींचं नातं मराठी आणि कन्नड यांच्यासारखं, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. तरी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे दोन समाज एकमेकांना धरून राहिले. १६७० साली हडसन बे कंपनी स्थापन झाली. फरच्या व्यापारात आतल्या मुलखातून कातडी गोळा करून इंग्रजांच्या ठाण्यांवर पोचवायची आणि तिकडून बंदुका, भांडी, सुऱ्या आत न्यायच्या, ही मधली दलाली या दोघांनी मिळून केली. पुढे दोघंही मैदानात उतरून रानरेड्यांच्या शिकारीवर जगायला लागले, शत्रूशी एकत्र लढले आणि मुख्य म्हणजे एकमेकांत लग्नं केली. या जुटीला क्री भाषेत नेहियाव-प्वात म्हणतात. नेहियाव म्हणजे क्री, प्वात म्हणजे असिनिबॉइन.

दोनशे वर्षं असं चालल्यावर काही टोळ्या अशा झाल्या की त्यांना क्री म्हणावं का असिनिबॉइन, हे सांगता येईना. ‘यंग डॉग्ज’ या नावाची एक टोळी अशीच मिश्र होती. तिचा प्रसिद्ध नायक पायापोट. तो जन्माने क्री होता, पण लहानपणीच सू लोकांनी त्याला पकडून नेलं आणि तरुण होईपर्यंत तो त्यांच्यातच वाढला. परत आला तेव्हा शत्रूची भाषा आणि शत्रूच्या खुब्या दोन्ही घेऊन आला.

या मिश्र टोळ्यांमधून बऱ्याच ठिकाणी क्री भाषा वर आली आणि नाकोडा मागे पडली. असं का झालं याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक माझ्यातल्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला झोपू देत नाही. १८३७-३८ मध्ये मैदानात देवीची साथ आली. हडसन बे कंपनीच्या फोर्ट पेली या ठाण्यावर विल्यम टॉड नावाचा डॉक्टर होता. त्याने साथीची कुणकुण लागताच आसपासच्या लोकांना देवी टोचायला सुरुवात केली. त्या ठाण्यांशी व्यवहार असलेले क्री बऱ्याच प्रमाणात वाचले. दक्षिणेकडे मिसुरी नदीच्या बाजूला व्यापार करणारे असिनिबॉइन मोठ्या संख्येने मेले. कोण कुठल्या दुकानात माल विकत होतं, यावर कुणाची पोरं जगली हे ठरलं आणि त्यावर पुढच्या पिढीत घरात कुठली भाषा बोलली जाईल तेही. भाषेच्या गोडव्याचा, व्याकरणाच्या सोपेपणाचा याच्याशी काहीएक संबंध नाही.

पुढे १८७० च्या दशकात सरकारने करार केले आणि १८७९ च्या सुमारास त्या मैदानातले रानरेडे संपले. उपाशी माणसं राखीव जमिनींवर जाऊन बसली. कागदोपत्री अमुक टोळी क्री, अमुक असिनिबॉइन अशी नावं पडली आणि संशोधकांनीही तीच उचलली. रॉबर्ट अलेक्झांडर इनेस हे स्वतः तिथल्या कावेसेस समाजातले अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं की त्या टोळ्या मुळात ‘जमाती’ नव्हत्याच, सोयरिकीने बांधलेले गोतावळे होते. जावई कुठलाही असो, एकदा आपला झाला की आपला.

आता कुपवाड. इथे नेमकं उलटं झालं.

जॉन गंपर्झ हा मूळचा जर्मनीतला, १९२२ सालचा जन्म. पदवी रसायनशास्त्रातली घेतली आणि मग भाषेकडे वळला. (विज्ञानातून पळून आलेली मी एकटीच नाही, याचं केवढं बरं वाटलं!) त्याने रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर कुपवाडवर लिहिलेला निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हाचं कुपवाड सुमारे ३००० वस्तीचं. जैन शेतकरी आणि लिंगायत यांच्या घरात कन्नड, मुस्लिम घरांत उर्दू म्हणजे आपली दखनी, दलित घरांत मराठी, आणि दोरखंड वळणाऱ्यांची थोडी तेलुगू घरं. जमीन मुख्यतः जैन आणि मुस्लिम शेतकऱ्यांकडे. रोजच्या व्यवहारात पुरुषमाणसं दोन-तीन भाषा सहज बोलायची. शेतावर एक, बाजारात दुसरी, घरात पाय टाकला की तिसरी.

गंपर्झ-विल्सन यांच्या लक्षात आलं ते असं की या भाषांमधले शब्द वेगवेगळे आहेत, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एकच झालाय. मी माझंच उदाहरण देते. मराठीत म्हणा, ‘भाजी कापून घेऊन आलो.’ दखनीत, ‘भाजी काट के ले के आया.’ कन्नडमध्ये, ‘पल्ले कोय्दु तगोंडु बंदे.’ एकाखाली एक लिहून बघा. प्रत्येक शब्दाखाली बरोबर त्याच कामाचा शब्द येतो. खोक्यातला माल बदलायचा, खोकी तीच ठेवायची. एवढं जमलं की तुम्ही तीन भाषा बोलताय.

आता यातलं थोडं आधीपासूनच सारखं होतं, हे मान्य. पण सगळं नाही. पुस्तकी कन्नडमध्ये ‘हे आमचं घर’ एवढं म्हटलं की वाक्य पुरं होतं, ‘आहे’ लागत नाही. कुपवाडच्या कन्नडने मराठीसारखं शेवटी ‘ऐती’ जोडायला सुरुवात केली. आज्जी नेहमी तसंच बोलायची, ‘इद नम्म मनी ऐती.’ उलट बाजूने, उर्दूत नदी स्त्रीलिंगी. कन्नडमध्ये माणसं सोडली तर बाकी सगळं नपुंसकलिंगी. कुपवाडच्या उर्दूने निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग देणं बरंचसं सोडूनच दिलं. पूर आला तर ‘नदी आया.’ लखनौवाल्याने ऐकलं तर कपाळाला हात लावेल.

आणि आपल्या मराठीचं काय? सांगली-कोल्हापुरातल्या बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात ना! मी पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात ‘मी आंघोळीला जातो’ म्हटलं आणि अख्खी खोली हसली. महिन्याभरात मी ‘जाते’ म्हणायला शिकले. कन्नडमध्ये ‘मी’ बरोबर येणाऱ्या क्रियापदाला पुरुष-स्त्री असा फरकच नाही, बाई असो की बुवा, ‘होगतेने’. आमच्याकडच्या ‘जातो’मागे कन्नडचा शेजार आहे असं सांगितलं जातं आणि मला ते पटतं. म्हणजे ज्याला खोलीतल्या मुली अशुद्ध म्हणून हसत होत्या, तो कित्येक पिढ्यांच्या शेजाराचा पुरावा होता. हे तेव्हा माहीत असतं तर ‘जातो’ सोडलं नसतं. आता लिहिताना मात्र हात आपोआप ‘जाते’ लिहितो.

अजून एक, कारण हे माझं लाडकं आहे. ‘उद्या येतो म्हणून सांगितलं.’ हा ‘म्हणून’ बघा. कन्नडमध्ये तिथेच ‘अंत’ येतो: ‘नाळे बर्तेने अंत हेळिद.’ दखनीत ‘बोलके’: ‘कल आतूँ बोलके बोल्या.’ तिन्हींत ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनलेला शब्द आणि तिन्हींत तो सांगितलेल्या गोष्टीच्या नंतर. शाळेत शिकवलेलं ‘त्याने सांगितले की’ मधलं ‘की’ फारसीतून आलंय. म्हणजे शाळेतलं शुद्ध ते इराणचं आणि आमचं गावठी ते शेजारच्या वाड्यातलं.

शब्दांची देवघेव तर जुनीच. तूप, अक्का, अडकित्ता हे कन्नडकडून आलेले शब्द आपण परके मानतच नाही. हा शेजार काही कुपवाडपुरता नाही. विजापूरची आदिलशाही १४९० ते १६८६ या काळात इथे होती. दरबारात फारसी आणि दखनी, वसुलीचे कागद मराठीत आणि मुलखात कन्नड-मराठी दोन्ही. मग पटवर्धनांची संस्थानं. माणसांना तीन-चार भाषांत जगायची सवय राज्यं बदलली तरी सुटली नाही.

मग प्रश्न असा की वाक्याचा सांगाडा एक होण्याइतका जवळचा शेजार असताना शब्द वेगळे का राहिले? चारशे-पाचशे वर्षांत एकच भाषा का झाली नाही? गंपर्झचं उत्तर सरळ आहे. घरची भाषा ही जातीची खूण होती. जैन घरात कन्नड बोलायचं, कारण आपण शेजारच्या घरासारखे नाही हे त्यातून कळतं. ओट्यावर बसून बोलायचं ते वेगळं, चुलीपाशी बोलायचं ते वेगळं. आणि दोन गटांतल्या व्यवहाराला मराठी वापरायची, कारण गावातल्या जमीनवाल्या गटांपैकी कुणाचीच ती घरची भाषा नव्हती. कन्नड वापरली तर जैनांची सरशी, उर्दू वापरली तर मुस्लिमांची. मराठीत कुणाचाच मान जात नव्हता. ज्यांची ती घरची भाषा होती, त्यांना गावात मानाचं स्थानच नव्हतं, म्हणून ती सगळ्यांना ‘तटस्थ’ वाटली. हे वाक्य मी वाचलं तेव्हा थांबले. निबंधाच्या कौतुकात आपण हे विसरतो. कुपवाडचं ते सुंदर, चार पदरी व्याकरण जातीच्या भिंती पक्क्या होत्या म्हणून तयार झालं. क्री आणि असिनिबॉइन यांनी लग्नं केली आणि एक भाषा गमावली. कुपवाडने लग्नं केली नाहीत आणि सगळ्या राखल्या. यातलं चांगलं काय? मला खरंच ठरवता येत नाही.

एक गंमत सांगते. डेव्हिड मँडेलबॉम या अभ्यासकाने १९३० च्या दशकात मैदानी क्री लोकांत राहून काम केलं, १९४० साली त्याचं त्यावरचं पुस्तक आलं. त्याच दशकात तो निलगिरीत कोता समाजातही राहिला आणि पुढे आयुष्यभर भारतीय समाजावर लिहीत राहिला. शिकवायला होता बर्कलीला. गंपर्झही तिथलाच. म्हणजे माझी दोन टोकांची उदाहरणं एकाच विद्यापीठाच्या आवारात फिरत होती.

आणि क्री भाषेत एक गोष्ट आहे जी कुठल्याही मराठी माणसाला एका क्षणात समजेल. ‘आम्ही’ला ती ‘नियनान’ म्हणते आणि ‘आपण’ला ‘कियानाव’. समोरच्याला धरून की वगळून, हा भेद इंग्रजीत नाही, हिंदीच्या पुस्तकात नाही. दखनीने ‘हम’ आणि ‘अपन’ असा तो करून घेतला. नेहियाव-प्वातमध्ये ‘आम्ही’चं ‘आपण’ झालं. कुपवाडात शेतावर ‘आपण’ आणि चुलीपाशी ‘आम्ही’.

डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतर कुपवाडच्या भाषा पुन्हा तपासल्या. त्यांचा निबंध २०१५ चा. शब्दाला शब्द ठेवला की भाषांतर झालं, हा १९७१ चा दावा जरा जास्तच नीटनेटका होता, असं त्यांच्या कामातून दिसतं. भाषांच्या आजूबाजूचा समाजही तोवर पार बदलला होता. १९४८ साली संस्थानं विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव-विजापूर म्हैसूर राज्यात गेले, आणि १९६० पासून आम्ही महाराष्ट्रात. शाळा मराठी, तलाठी मराठी, एसटीच्या पाट्या मराठी. १९९८ ला सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली आणि ‘गाव’ हा शब्दच गळाला. जी मराठी कुणाचीच नव्हती म्हणून चालत होती, ती आता सरकारची झाली.

पण मला वाटतं शाळा हे अर्धंच कारण आहे. शाळेने पुरुषांची भाषा आधीच मराठी केली होती. चुलीपाशी कन्नड टिकली ती सुनांमुळे. हा माझा अंदाज आहे, प्रबंधात तो तपासतेय, म्हणून अंदाज म्हणूनच घ्या. जैन घरातली सून त्याच समाजातली हवी, पण गाव कुठलंही चालतं. आज्जी अथणीकडची. तिला मराठी येत नव्हती, घरातली पोरं तिच्याकडून कन्नड शिकली. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या पुस्तकात दाखवलंय की महाराष्ट्र नात्यांच्या बाबतीत उत्तर आणि दक्षिणेच्या मधला आहे, इथे मामाची मुलगी करायची चाल आहे. भाषेच्या अंगाने बघा: मामाची मुलगी आणली की आईच्या माहेरची भाषा पुन्हा एकदा घरात येते. दर पिढीला नव्याने मूठभर विरजण.

सीमा आखल्यावर सोयरिकी हळूहळू वळल्या. मुलीचं शिक्षण मराठीत झालेलं, तर ती मराठीत शिकलेल्या घरीच द्यावी. नोकरी इकडची, रेशन कार्ड इकडचं. माझी आई हातकणंगल्याकडची, जैनच, पण तिच्या घरात दोन पिढ्या मराठी. ती सून म्हणून आली तेव्हा आज्जी तिच्याशी मोडकं मराठी बोलायला लागली आणि चुलीपाशी कन्नड थांबली. कुणी बंदी घातली नाही, कुणी ठरवलंही नाही. माझ्या प्रारूपात ही एक छोटी संख्या आहे, ‘बाहेरच्या भाषेतून येणाऱ्या सुनांचं प्रमाण’. ती थोडी हलवली की चार पिढ्यांत आलेख खाली कोसळतो. पहिल्यांदा तो आलेख स्क्रीनवर आला तेव्हा मी आईला फोन केला आणि उगाच तासभर बोलले.

आज्जीशी मी कन्नडमध्ये बोलले ते एवढंच: ‘ऊटा आत?’ म्हणजे जेवण झालं का. ती ‘आत’ म्हणायची आणि पुढे काहीतरी लांबलचक बोलायची. त्यातलं मला सूर आणि क्रम कळायचा. आता काय येणार, क्रियापद कुठे पडणार, हे आधीच कळायचं. शब्द कळायचे नाहीत. गंपर्झच्या निबंधाची याहून चांगली परीक्षा मला घेता आली नसती.

२०११ च्या जनगणनेला बाई घरी आल्या तेव्हा मी शाळेत होते, पण सुट्टीमुळे घरीच. वडील दारात उभं राहून उत्तरं देत होते. मातृभाषा विचारल्यावर ते म्हणाले, ‘लिहा, सगळ्यांची मराठी.’ सगळ्यांची म्हणजे आज्जीचीही. आज्जी आत भाकरी थापत होती. तिने तिथूनच मोठ्याने विचारलं, ‘यारु बंदार?’ कोण आलंय? वडील म्हणाले, ‘कुणी नाही, सरकारी माणूस आहे.’ बाईंनी पुढचा रकाना भरला.